पावण्यांचा डावा हात

केसपेपरवर ‘व्यवसाय’ असा एक रकाना असतो. वीस-बावीस वर्षांत त्या रकान्यात मी शेती, घरकाम, शिक्षक, एसटी ड्रायव्हर, फौंड्री कामगार असं काय काय लिहिलंय. त्या दिवशी मात्र पेन थांबलं.

समोरच्या खुर्चीत पासष्टीच्या पुढचा एक गोरा माणूस बसला होता. उंच, हाडापेरानं मजबूत, पांढरे केस मागं बांधलेले, दोन्ही दंडांवर गोंदलेलं. डावा हात मांडीवर होता, कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. काय काम करता, असं मी इंग्रजीतनं विचारलं.

“ड्रमर,” ते म्हणाले.

मला कळलं नाही असं वाटून शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलीनं मराठीत सांगितलं, “हेवी मेटल बँडमध्ये ड्रम वाजवायचे ओ बाबा. लई वर्षं.”

मी आता तिच्याकडं बघत राहिले. तीही तेवढीच गोरी, डोळे घारे, आणि बोलणं अस्सल गडहिंग्लजचं. गडहिंग्लजहून इंग्लंडात शिकायला गेलेल्या मुलाशी तिनं लग्न केलं होतं, सासरी चार वर्षं राहून भाषा उचलली होती, आणि आता ते सगळे राजारामपुरीत, माझ्या दवाखान्यापासून दोन गल्ल्या सोडून, फ्लॅटमध्ये राहत होते. सासूबाईही बरोबर आल्या होत्या. गडहिंग्लजला कर्नाटकाची हद्द जवळ, त्यामुळं त्या घरात आईला अव्वा म्हणत. हळूहळू मीही त्यांना अव्वाच म्हणू लागले.

“म्हंजे आपल्यातली वरातीतली बेंजो पार्टी असत्या, तसं का गं?” अव्वांनी सुनेला विचारलं.

“व्हय की अव्वा, तसंच. पर आवाज लई मोठा.”

“बेंजोपेक्षा?”

“लई मोठा.”

अव्वांनी आपल्या व्याह्याकडं नव्यानं बघितलं. मुलीनं हे सगळं वडिलांना इंग्रजीत सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले. हसू उजव्या बाजूलाच जास्त उमटलं. मी केसपेपरवर ‘ड्रमर, निवृत्त’ असं इंग्रजीत लिहिलं. त्यांनी वाकून वाचलं आणि दुसऱ्या शब्दावर बोट ठेवून म्हणाले, “हा खोडा.”

मी खोडला.

मी फिजिओथेरपिस्ट. दवाखाना खाली, राहायचं वर. वडील जाईपर्यंत वर दोघं होतो, नंतर मी एकटी. लग्नाचं वय कधी उलटलं ते कळलंच नाही, असं लोक म्हणतात; मला कळलं होतं, पण त्याच वर्षांत वडिलांना सोडून जाता येण्यासारखं नव्हतं. आता सकाळी नऊ ते रात्री आठ माणसांच्या खांद्यांना, गुडघ्यांना, पाठींना हात लावते. बाकी मला कुणी हात लावत नाही. हे रडगाणं नाही, दिवसाचा हिशेब सांगते आहे एवढंच.

त्यांना इंग्लंडातच पक्षाघाताचा झटका आला होता. बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली. एकटेच राहायचे. स्वयंपाकघरात पडले ते दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यानं दार वाजवेपर्यंत तसेच. उपचार झाले, चालू लागले, बोलणं शाबूत राहिलं. पण डावा हात परत आला नाही. मुलीनं त्यांना इकडं आणलं. व्हिसा असा, की एका वेळी सहाच महिने राहता येणार. नोव्हेंबरात आले होते.

सोमवार, बुधवार, शनिवार, सकाळी साडेदहाला यायचे. मी त्यांचा हात उचलायची, मनगट वळवायची, बोटं एकेक करून उघडायची. ते खिडकीबाहेर बघायचे. घरी करायला दिलेले व्यायाम करायचे नाहीत. मुलगी सांगायची, “दिवसभर ग्यालरीत बसत्यात आणि रिक्षा मोजत्यात.” अव्वा त्यांना पाटवड्या, दशम्या करून घालायच्या. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. अव्वा कानडी-मराठीत बोलत राहायच्या आणि ते मान हलवायचे. जावई सकाळी कारखान्यात जायचा तो संध्याकाळी यायचा.

त्यांना ऐकूही कमी यायचं. माझे वडील उद्यमनगरात फौंड्रीत होते. शेवटची पंधरा वर्षं त्यांचे कान गेले होते. त्यामुळं समोर उभं राहून, ओठ दिसतील असं, न ओरडता बोलायची मला सवय होती. एक दिवस ते म्हणाले, “माझ्याशी न ओरडता बोलणाऱ्या इथं तुम्ही एकट्याच.” मी वडिलांचं सांगितलं. त्यांनी चटकन मान वळवली.

“काय ओतायचे?”

“पंपाच्या, इंजिनाच्या बॉड्या.”

“मीही तेच,” ते म्हणाले. “पंधराव्या वर्षी शाळा सोडली. आमच्या गावात दुसरं काही नव्हतंच.”

मग ते बोलू लागले. एकदम नव्हे. अर्ध्या तासाची बैठक असायची, त्यात पाच-दहा मिनिटं. आमच्या गावासारखंच ते गाव होतं, धुराचं, भट्ट्यांचं. ते ओतीव मालाच्या कडा घासून काढायचे. शेजारी एक मोठं यंत्र सारखं ठोके द्यायचं. त्या ठोक्यांच्या मधल्या जागेत ते मनातल्या मनात आपले ठोके बसवायचे, म्हणजे दिवस सरायचा. मग गल्लीतलेच तिघं आणि हे, चौघांनी बँड काढला. एकाच्या काकांची जुनी व्हॅन होती. त्यात वाद्यं भरायची आणि वाद्यांवर झोपायचं. जर्मनी, हॉलंड, स्वीडन. थंडीत श्वासाची वाफ दिसायची आणि हात गरम राहावेत म्हणून ते बनियनमध्ये काखेत धरून बसायचे. पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा त्यांचं वय तेवीस. लोकांना ती आवडली. फार नाही, पण फौंड्री सोडता येईल एवढी.

“डाव्या हाताचं काम काय असतं?” मी एकदा विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं.

त्यांनी उजव्या हातानं मांडीवर थाप मारून दाखवलं. “चार मोजा. एक आणि तीन पायाचे. दोन आणि चार डाव्या हाताचे. लोक मान हलवतात ती दोन आणि चारला. उजवा हात वर सगळ्यांना दिसतो, पण तो नसला तरी गाणं चालतं. डावा नसला तर…” मी त्यांची करंगळी सरळ करत होते.

अकरा वाजता माझ्याकडं गुडघेवाल्या बायका येतात. पाच-सहा जणी असतात. खुर्च्यांवर बसवून पाय उचलायला लावायचे आणि मी एक ते दहा मोजायचं. वर्षानुवर्षं मोजून माझ्या आवाजात काही उरलं नव्हतं. डिसेंबरात एका शनिवारी ते निघता निघता थांबले आणि म्हणाले, “तुम्ही घाई करता. सहाच्या पुढं पळताय.”

“मग तुम्ही मोजा,” मी म्हणाले.

ते खरंच बसले. कोपऱ्यातलं स्टीलचं स्टूल ओढलं, माझ्याकडची व्यायामाची लाकडी काठी उजव्या हातात घेतली आणि ठोका धरला. बायका आधी तोंडाला पदर लावून हसल्या. मग पाय ठोक्यावर उचलू लागल्या. दुसऱ्या फेरीला त्यांनी गती वाढवली.

“पावणं, जरा दमानं की!” एक मावशी ओरडली. “गुडगा हाय ह्यो, इंजान न्हाय!”

मी भाषांतर केलं. ते मोठ्यानं हसले. त्या दिवसापासून अकराची बॅच त्यांची झाली. बायका त्यांच्यासाठी शेंगदाण्याची चटणी, चिवडा असं काहीबाही आणू लागल्या. घरचे व्यायामही ते करू लागले. जानेवारीत डाव्या अंगठ्याची हालचाल दिसली.

फेब्रुवारीत एक दिवस शहर बंद होतं. रिक्षा नाहीत, दुकानं नाहीत, बाकी कुणीच पेशंट आले नाहीत. ते दोन गल्ल्या चालत मुलीबरोबर आले, ती त्यांना सोडून गेली. आम्ही दोघंच होतो. मी मनगट हातात घेतलं होतं. ते म्हणाले, “मुलीच्या घरी हॉलमध्ये एक रेकॉर्ड फ्रेम करून लावलीय. तुम्ही पाहिली?”

मी पाहिली होती. संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेले होते तेव्हा. जावयानं कौतुकानं लावलेली. कव्हरवर चार लांब केसांचे तरुण, त्यातला उजवीकडचा म्हणजे हे.

“ती आमची दुसरी. तीच गाजली. तिच्यावर मी वाजवलेलं नाही.”

मला वाटलं माझं इंग्रजी कमी पडतंय. मी हात थांबवला.

“रेकॉर्ड कंपनीनं त्या वेळी एक नवा माणूस आणला, रेकॉर्डिंग बघायला. त्याला माझं वाजवणं ढिलं वाटलं. तसं मला कुणी सांगितलं नाही. मी चार दिवस वाजवलं. मग म्हणाले, तुझं काम झालं, तू घरी जा. मी गेलो. काही महिन्यांनी रेकॉर्ड घरी आली. मी लावली. बायको स्वयंपाकघरात होती. पहिलं गाणं ड्रमनंच सुरू होतं. दुसऱ्याच ठोक्याला कळलं, हा मी नाही.”

“कशावरनं?”

“तुमची सही दुसऱ्यानं केली तर तुम्हाला कळणार नाही?”

“मग काय केलंत?”

“बायको आतनं म्हणाली, छान वाजवलंयस. मी म्हटलं, थँक यू.”

बाहेर गल्लीत एवढी शांतता होती की वरच्या माझ्या घरातला फ्रिज ऐकू येत होता. ते सांगत राहिले. दौरा पंधरा दिवसांवर होता. खोलीचं दार लावून ते त्या दुसऱ्या माणसाचं वाजवणं शिकले, ठोका न ठोका, त्याच्या खोडींसकट. तो कोण होता हे त्यांनी कधी विचारलं नाही. पुढची सहा वर्षं स्टेजवर तेच वाजवलं. पोरं येऊन हात हातात घ्यायची, कव्हरवर सही मागायची. ते सही द्यायचे.

“बाकीच्या तिघांना माहीत होतं?”

“होतं. कुणी बोललं नाही. मीही नाही. सहा वर्षं एका गाडीत झोपलो, एका ताटात जेवलो म्हणा ना.”

शेवटी त्यांनी बँड सोडला. कारण विचारल्यावर पाठदुखी सांगितली. पुढं वीस वर्षं शाळेची बस चालवली आणि संध्याकाळी मुलांना ड्रम शिकवले. बायको गेली, तिलाही ठाऊक नव्हतं. मुलगी तर ती रेकॉर्ड ऐकतच वाढली.

“कुणाला सांगू नका,” ते म्हणाले.

“नाही सांगणार.”

ते गुपित राखायला मला काही कष्ट पडले नाहीत. दुपारी वर जाऊन भाताला फोडणी दिली, ताट घेऊन बसले, आणि लक्षात आलं की सांगायचं ठरवलं असतं तरी सांगायला माझ्याकडं कुणी नव्हतं. पण त्या दिवसापासून त्यांची वाट बघणं सुरू झालं हे खरं. सोमवार, बुधवार, शनिवारी मी केस नीट विंचरायची. यात दुसरं काही नव्हतं. एका माणसानं आपल्याजवळ काहीतरी ठेवायला दिलंय, तर आपण जरा नीटनेटकं असावं, असं वाटायचं.

मार्चमध्ये त्यांचा वाढदिवस होता. मुलीनं त्यांना न सांगता बेत आखला. इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलामुलींचा बँड होता, ते हेवी मेटलच वाजवायचे. त्यांची ड्रमर एक मुलगी होती, आणि तिला ती दुसरी रेकॉर्ड पाठ होती. मुलीनं मला आनंदानं सांगितलं, “बाबांच्या समोर बाबांचंच गाणं वाजवणार ती! तुम्ही यायचं हं डॉक्टर.” काय कारण सांगून मोडता घालणार? मी हो म्हणाले.

रविवार होता, सकाळचे अकरा. राजारामपुरीतल्याच एका म्युझिक क्लासचा हॉल. अव्वा पहाटेच जोतिबाला जाऊन आल्या होत्या. त्यांनी आपल्या व्याह्याच्या कपाळाला गुलाल लावला, हातावर खोबरं ठेवलं. गुलाल लावलेल्या कपाळानं ते पहिल्या रांगेत बसले. समोर ड्रम बघून आधी खूश झाले. मग ती मुलगी बसली आणि तिनं सुरुवात केली. त्या दुसऱ्या रेकॉर्डचं पहिलं गाणं. त्यांचा चेहरा मी बाजूनं बघत होते. तो हललाच नाही.

त्या ड्रमर मुलीनं जीव ओतून वाजवलं. शेवटचा घाव मारून ती घामानं निथळत आली, त्यांच्या पाया पडली. “सर, कसं वाजलं?”

“फार छान,” ते म्हणाले. “अगदी बरोबर.”

त्यांची मुलगी उठली. “बाबा, सांगा की त्यांना, तुम्ही हे कसं बसवलं होतं ते.”

ते माझ्याकडं वळले. मी मान खाली घातली. आजही ते आठवलं की वाटतं, निदान बघायला तरी हवं होतं त्यांच्याकडं.

मग त्यांनी सांगितलं. बसल्या जागेवरनं, चार-पाच वाक्यांत. हे मी बसवलेलं नाही. त्या रेकॉर्डवर वाजवणारा मी नाही. तो कोण, मला माहीत नाही. या मुलीनं वाजवलं ते त्याचं आहे, आणि तिनं ते उत्तम वाजवलं. कॉलेजची मुलं एकमेकांकडं बघू लागली. जावई टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच धरून होता. त्यांच्या मुलीच्या तोंडावर हसू राहून गेलं होतं, ते पुसायचं तिला सुचत नव्हतं.

“मला तिथं न्या,” ते मला म्हणाले आणि ड्रमकडं बोट केलं.

मी धरून नेलं, बसवलं, डाव्या बाजूला उभी राहिले. त्यांनी ड्रमची काठी डाव्या हातात ठेवून बोटं मिटवून बघितली. काठी घसरली. दुसऱ्यांदा घसरली. ती त्यांनी मांडीवर ठेवून दिली. मग उजवा हात आणि उजवा पाय, एवढ्यावर वाजवू लागले. पहिल्या रेकॉर्डवरचं होतं, हे नंतर कळलं. एक आणि तीन येत होते. दोन आणि चारची जागा रिकामी जात होती. प्रत्येक वेळी ती यायची आणि रिकामी जायची, आणि ते थांबत नव्हते. तो डावा खांदा मात्र त्या त्या ठिकाणी किंचित उचलला जात होता. एवढ्या जवळून तो मलाच दिसत असावा.

दोन-तीन मिनिटांनी ते थांबले. शेवटी अव्वा म्हणाल्या, “झ्याक वाजवलासा पावणं.” त्यांना मघाचं इंग्रजी कळलेलंच नव्हतं.

त्यानंतर ते नऊ दिवस आले नाहीत. मी फोन केला तर मुलगी म्हणाली, “बरं न्हाई त्यांना,” आणि ठेवला. अकराच्या बायका विचारायच्या, “पावणं कुठं गेलं ओ?” मी येतील म्हणायची आणि मोजायची.

दहाव्या दिवशी ते एकटे आले. काठी टेकत, दोन गल्ल्या, रस्ता ओलांडून, पहिल्यांदाच कुणाशिवाय. घामेजले होते. बसले आणि म्हणाले, “तिनं ती रेकॉर्ड भिंतीवरनं काढली.”

“त्या जागी काय लावलं?”

“काही नाही. खिळा आहे.”

घरात मुलगी त्यांच्याशी जेवलात का, गोळी घेतली का, एवढंच बोलत होती. हात पुढं करा म्हटलं. त्यांनी केला. पुढचे दीड महिने आम्ही नेमानं काम केलं. बोटं मिटू लागली. ड्रमची काठी धरता येईल इतकी नाही, पण कपाचा कान धरता येईल इतकी. मे महिन्यात व्हिसा संपला. निघायच्या दिवशी सकाळी ते आले, माझा हात दोन्ही हातांत घेतला. डाव्याचा दाब लागला. “नोव्हेंबरात येतो,” म्हणाले. मराठीत म्हणाले, अव्वांनी शिकवलं होतं.

ऑक्टोबरात दुसरा झटका आला. मुलगी तातडीनं गेली. मला अव्वांच्याकडनं कळत होतं. दिवाळीनंतर आठवड्यानं कळलं, की गेले.

ती परत आल्यावर दवाखान्यात आली, दुपारी, पेशंट नसताना. मी चहा केला. तिनं अर्धा कप संपवला. मग म्हणाली, “तुम्हाला आधीच ठाऊक होतं न्हवं? हॉलमध्ये बाबांनी तुमच्याकडं बघितलं. मी बघितलं ते.”

“हो.”

“कवापासनं?”

“महिनाभर आधी.”

“आईला न्हाई सांगितलं. मला न्हाई सांगितलं. मी सगळ्या जगाला ती रेकॉर्ड दाखवत फिरत होते. तुम्हालाच कसं सांगितलं?”

तिच्या आवाजात राग होता आणि तो तिच्या हक्काचा होता. मी खरं तेच सांगितलं. “मी त्यांची कुणी नव्हते, म्हणून.”

तिचे डोळे भरले. थोड्या वेळानं तिनं सांगितलं, की तिकडं हॉस्पिटलात तिनं त्यांची पहिली रेकॉर्ड शोधून आणून ऐकवली होती. त्यांच्या उशाशी मोबाईल ठेवून. “प्रत्येक गाण्याला विचारलं, बाबा, ह्ये तुम्हीच न्हवं? ते म्हणायचे, मीच. सगळी गाणी झाली, पुन्हा पहिल्यापासनं लावली. पुन्हा विचारलं. शेवटाला हसायलाच लागले.”

ती उठली. दारात मला क्षणभर मिठी मारली, आणि अव्वांच्या खांद्याला पुढच्या आठवड्यात दाखवायला आणते म्हणाली. मी तिला वेळ लिहून दिली.

ती गेल्यावर दार लोटून घेतलं. पुढचा पेशंट यायला पाऊण तास होता. वर जाऊन मी जेवून घेतलं.